दोष तारेत होता, पोरात नव्हता



आम्ही व्यवसायाने कारकून. बी.कॉम. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे खतावण्या, पावत्या आणि तेरीज यांच्यातच दिवस चालले आहेत. संध्याकाळचा वेळ विहाराला आणि वस्तीच्या कामाला. मोटारगाडीशी आमचा संबंध एवढाच, की रस्ता ओलांडताना तिला आधी जाऊ द्यायचे. तरीही आज आम्ही एका स्पोर्ट्स कारविषयी लिहीत आहोत. कारण त्या गाडीने आमच्या घरातले एक पोर जवळजवळ बसवले होते.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आय.टी.आय. करून मोटारीच्या वायरिंगचे काम शिकला. दाजी गेल्यावर अक्काने धुणीभांडी करून त्याला शिकवले. चार वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हात काळे केल्यावर त्याने स्वतःचा छोटा गाळा भाड्याने घेतला. त्यासाठी पतपेढीतून ६०,००० रुपये कर्ज काढले. जामीन आम्ही. रिक्षा, टेम्पो, जुन्या गाड्या यांची कामे येत होती, हप्ते वेळेवर जात होते.

अशात एक दिवस त्याच्याकडे दोन माणसांची, छत उघडणारी, लाल रंगाची बुटकी गाडी आली. मालक तरुण, मोठ्या इमारतीत राहणारा. त्याने ती जुनी गाडी हौसेने घेतली होती. तिचा रोग विचित्र होता. दिवसा घोड्यासारखी पळायची. एखाद्या रात्री मात्र चालता चालता काटे नाचायचे, दिवे मंद व्हायचे आणि इंजिन बंद पडायचे. दहा मिनिटे थांबून चावी फिरवली की पुन्हा चालू. गॅरेजमध्ये नेली की बिघाड गायब! तीन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने अल्टरनेटर बदलला, तिसऱ्याने हात जोडले.

भाच्याने तीन दिवस काम केले. बॅटरीची टोके घासली, पेट्रोल पंपाचा रिले बदलला. गाडी आठ दिवस छान चालली. नवव्या दिवशी भर पावसात, रात्री, हायवेवर ती मेली. मालकाची बायको सोबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी ओढून गाळ्यावर घेऊन आला आणि चार लोकांसमोर ओरडला, "सर्टिफिकेट कोट्यातून मिळतं, अक्कल मिळत नाही!"

शेजारचे गॅरेजवाले हसले. भाचा काही बोलला नाही. त्याने शटर खाली ओढले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस गाळा बंद. तिसऱ्या दिवशी रात्री अक्का आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पोरगं म्हणतंय गाळा सोडतो, कुठंतरी वॉचमन लागतो. तू जरा येऊन बघ."

वर्षावास चालू होता. विहारात रोज 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असे आणि वाचनाची पाळी आमच्याकडे होती. रविवारी वंदना आटोपून आम्ही थेट अक्काच्या घरी गेलो.

भाचा म्हणाला, "मामा, तो म्हणतो ते खरंच असेल. मला नाही सापडत."

आम्हाला राग आला, पण तो गिळला. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, आम्हाला गाडीतले काही कळत नाही. पण न सापडणारी गोष्ट कशी शोधायची, हे आम्ही बावीस वर्षे करत आलो आहोत."

वाचकहो, हिशेबाच्या कामातही असेच असते. महिनाअखेरीस तेरीज जुळत नाही. फरक येतो. आळशी कारकून काय करतो? फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतो आणि घरी जातो. पुढच्या महिन्यात तो फरक पुन्हा डोके वर काढतो. चांगला कारकून आधी फरकाचे रूप पाहतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर ५४ चे ४५ असे आकडे उलटे लिहिले गेले असण्याचा संभव फार. फरक बरोबर एखाद्या नोंदीच्या दुप्पट असेल, तर ती रक्कम चुकीच्या बाजूला गेली असेल. चूक स्वतःच आपली खूण देत असते. बॅटरी बदल, अल्टरनेटर बदल, हे सगळे उचंत खातेच होते. त्यात पैसा गेला, पण कारण जागच्या जागी राहिले.

आम्ही शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, पाऊस की कोरडे, इंजिन थंड की तापलेले, रस्ता कसा होता, त्या वेळी काय काय चालू होते, आणि सर्वांत आधी काय बिघडले. मग मालकाला फोन लावला. "साहेब, आम्ही त्या मुलाचे मामा बोलतो. भांडायला फोन केलेला नाही. सहा-सात प्रश्न विचारायचे आहेत."

तो आधी तुटक बोलला. पण त्याच्या बायकोने फोन घेतला आणि ती बाई नीट बोलली. तिने सांगितले, "हेडलाइट लावले की इंजिनच्या गरमीचा काटा लगेच वर सरकतो. बंद केले की खाली येतो. आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा मंद पेटतो. मी आधीही बोलले होते, पण बायकांना गाडीतलं काय कळतं म्हणून कुणी ऐकलं नाही."

हे ऐकताच भाचा ताडकन उठून बसला. "मामा, हेडलाइट लावल्याने इंजिन एका क्षणात गरम होत नसतं! अर्थिंग गेलंय."

त्याने आम्हाला जे समजावले ते तुम्हालाही सांगतो. वीज बॅटरीतून निघते, दिव्यात काम करते आणि तिला बॅटरीकडे परत यावेच लागते. साध्या गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. पण या गाडीचे अंग फायबरचे होते, आणि फायबरमधून वीज जात नाही. म्हणून तिच्यात परतीसाठी वेगळ्या तारा असतात आणि त्या एकत्र करून सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या असतात. ही परतीची वाट अरुंद झाली की वीज आडवाटा शोधते, दुसऱ्याच्या दिव्यातून घुसते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो आणि काटे खोटे बोलू लागतात.

वहीत मागच्या पाच घटना लिहून झाल्या होत्या. पाचही वेळा रात्र होती. पाचही वेळा हेडलाइट आणि पंखा चालू होता, तीन वेळा वायपरही. चार वेळा आधी खड्डा किंवा स्पीडब्रेकर लागला होता. दिवसा एकदाही नाही. चार जण चार महिने शोधत होते, ते एका पानावर दिसू लागले.

त्याच रात्री आम्ही गाळ्याचे शटर उघडले. आम्ही, भाचा आणि अकरावीतली भाची. भाच्याने आधी मीटरचा बझर लावून सर्व तारा तपासल्या. सगळीकडे पीं पीं वाजले, म्हणजे तारा जोडलेल्या आहेत. तो हिरमुसला. मग स्वतःच म्हणाला, "मागच्या वेळी मी इथंच फसलो. तारेचा एक धागा जरी शिल्लक असला तरी बझर वाजतो. पण एका धाग्यावर हेडलाइटचा भार चालत नाही. भार टाकूनच तपासायला पाहिजे."

त्याने इंजिन चालू केले. हेडलाइट, वायपर, पंखा, सगळे लावले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी आतल्या परतीच्या तारांच्या जोडावर. वाट मोकळी असेल तर इथे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. तसाच आला. मग त्याने बहिणीला सांगितले, "आतली वायरिंग हळूहळू हलव. वीतभर झालं की थांब." आम्ही मीटरवर डोळे लावून बसलो. डाव्या सीटच्या पायाजवळ तिचा हात गेला आणि आकडा एकदम ३ व्होल्टच्या वर उडाला. दिवे मंदावले आणि इंजिन आचके देऊन बंद पडले.

ती ओरडली, "दादा, सापडलं!"

गालिचा उचलला. कुणीतरी पूर्वी म्युझिक सिस्टीम बसवताना आपली तार त्याच बोल्टखाली कोंबली होती आणि बोल्ट नीट आवळला नव्हता. वॉशर गंजलेला. मूळ तारेचे वरचे प्लॅस्टिक अगदी धड दिसत होते. ते सोलले तर आत तांब्याची हिरवी पूड. दोन-तीन धागे तेवढे उरले होते. भार वाढला, धक्का बसला, की पेट्रोल पंपाच्या रिलेला पुरेशी वीज मिळत नव्हती आणि तो पंप सोडून देत होता. भार बंद करून थांबले, की उरलेल्या धाग्यांवर गाडी पुन्हा चालू व्हायची.

भाच्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. मग तांबे लख्ख दिसेपर्यंत ती तार कापली, नवीन तुकडा जोडला, नवे डोळे दाबून बसवले, बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासली, दातेरी वॉशर टाकून आवळले आणि वरून ग्रीस लावले. म्युझिकच्या तारेला वेगळी जागा दिली. सामान १०० रुपयांच्या आतले.

गाडी चालू झाली. आम्ही निघायला उठलो. भाचा म्हणाला, "थांबा मामा. मागच्या वेळीही ती चालू झाली होती." त्याने तोच बोल्ट मुद्दाम ढिला केला. काटा वर सरकला, इंडिकेटर मंद पेटला. पुन्हा आवळला. सगळे शांत. असे तीनदा केले. तेव्हाच त्याने वहीत लिहिले, "कारण सापडले."

रात्री एक वाजता घरी चालत जाताना आम्हाला विहारातले वाचन आठवत होते. तथागतांनी काय शिकवले? दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. दैव नाही, ग्रह नाही, गेल्या जन्मीचे पाप नाही. कालामांनाही त्यांनी हेच सांगितले, की कुणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश आम्ही किती वेळा वाचला असेल! पण मीटरच्या काट्यासमोर बसून तो त्या रात्री जसा कळला तसा पूर्वी कळला नव्हता.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. तेव्हा देशाच्या विजेचे नियोजनही त्याच खात्याकडे होते आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. ज्या समाजाच्या नेत्याने देशाच्या विजेचा विचार केला, त्या समाजाच्या पोराला वीज कळणार नाही असे कुणी म्हणावे, आणि पोराने ते खरे मानावे? आम्हाला मालकाच्या बोलण्यापेक्षा भाच्याने ते मनावर घेतले याचे दुःख जास्त झाले होते.

मालक गाडी न्यायला आला. भाच्याने त्याला वही दाखवली, जुनी तार हातात दिली, बिल दिले. त्याने पैसे मोजले. तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "साहेब, बिल मिटलं. पण त्या दिवशी इथं सगळ्यांसमोर जे बोललात, ते राहिलं." शेजारचे गॅरेजवाले ऐकत होते. मालक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रागात बोललो." एवढेच. ही माफी होती की नाही, आम्हाला सांगता येत नाही. पण त्याची बायको पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, चुकलं आमचं."

पुढच्या पावसाळ्यातही ती गाडी बंद पडली नाही. पतपेढीचे हप्ते पुन्हा सुरू झाले.

आपल्या घराघरांत आता जुनी रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल असते. तेव्हा अनुभवाचे चार शब्द. बिघाड मध्येच येत-जात असेल, तर आधी वही करा आणि मगच पान्याला हात लावा. गाडीत जो कुणी बसतो त्याला विचारा, घरातल्या बाईलाही आणि पोरालाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार किंवा चांदीचा कागद लावू नका, गाडी पेटते. बॅटरी तपासायची म्हणून चालू इंजिनवर तिची तार काढू नका, गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात.

आणि शेवटचे. आपले पोर एखाद्या कामात हरले, तर लगेच "तुझ्याने होणार नाही" म्हणू नका. ते म्हणायला बाहेर पुष्कळ लोक बसले आहेत. आपण त्याच्या शेजारी बसावे, एक कोरी वही द्यावी आणि विचारावे, "नेमके काय होते, केव्हा होते?"

भाची आता आय.टी.आय.चा फॉर्म भरायचा म्हणते. दादाचाच ट्रेड. अक्का कुरकुरते, "पोरीच्या जातीला ग्रीसचे हात कशाला?" येत्या रविवारी आम्ही पुन्हा अक्काच्या घरी जाणार आहोत.

जयभीम, नमो बुद्धाय.