मुक्काम कोठे करावा? म्हैसूर आणि बंडीपूर

सुटीचा प्रवास ठरविताना आपल्याकडे आधी स्थळांची यादी होते, मग तिकिटे काढली जातात, आणि मुक्कामाचा विचार सर्वांत शेवटी येतो. म्हैसूर शहर आणि बंडीपूरचे राष्ट्रीय उद्यान अशी जोडसहल काढू पाहणाऱ्या कुटुंबाने हा क्रम उलटा करावा, असे आम्हांस वाटते. राजवाडा कोठे जात नाही. परंतु रात्री पाठ कोठे टेकायची, ह्यावर दुसऱ्या दिवसाची सारी भिस्त असते. आणि घरची म्हातारी, लेकरे व घरधनीण ह्यांना ती सहल सुखाची होणार की सोसण्याची, हेही तेथेच ठरते.

खानापूरकडील आमचे वाचक म्हणतील, रान पाहावयास एवढे दूर कशाला? गवे तर आमच्या उसात येतात! प्रश्न रास्त आहे. परंतु आपले रान घाटमाथ्याचे, दाट आणि ओले. त्यात जनावर असते, पण दृष्टीस पडत नाही. बंडीपूर पर्जन्यछायेत आहे. तेथील पानगळीचे अरण्य उन्हाळ्यात उघडे पडते आणि तळ्यांच्या काठी हत्तींचे कळप, गवे, चितळ दिवसाढवळ्या पाहावयास मिळतात. कधीकाळी हे म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते; 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अरण्यांत त्याची निवड झाली. तरीही वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मुलांना हे घरूनच सांगून ठेवावे. शिवाय आपल्या ओळखीची टणटणी तेथेही माजलेली आहे; तिच्या जाळीआड हत्तीसुद्धा दडतो.

आता मुख्य मुद्दा. म्हैसूरहून नंजनगूड व गुंडलुपेटवरून बंडीपूर सुमारे 80 किलोमीटर आहे. नकाशावर हे अंतर पाहून पुष्कळांचा बेत ठरतो की, सर्व दिवस म्हैसुरातच राहू आणि एक दिवस अरण्यात जाऊन येऊ. कागदावर हा हिशेब स्वस्त दिसतो. परंतु सकाळची सफारी उजाडताच निघते. ती गाठायची तर म्हैसुरातून पहाटे चारला निघावे लागेल, म्हणजे मुलांना तीनलाच उठविणे आले. अर्धवट झोपेतले लेकरू उघड्या गाडीत थंड वाऱ्यात बसले की त्याला हत्तीचे कौतुक ते काय वाटणार! ते आईच्या पदरात तोंड खुपसून झोपते आणि बाप पैसे वाया गेले म्हणून चिडतो. सायंकाळची सफारी धरली तर परतीचा प्रवास अंधारात होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रस्त्यावर वन्य पशू वाहनांखाली चिरडले जात, म्हणून 2009 सालापासून अरण्यातून जाणाऱ्या महामार्गांवर रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत वाहतुकीस बंदी आहे. म्हणून उशिरा निघून, गप्पा मारत, वाटेत जेवण करून अरण्यातल्या खोलीवर पोहोचू म्हणणाऱ्याची रात्र गुंडलुपेटमध्ये निघते. आम्हांस ही बंदी फार योग्य वाटते. रात्र तरी जनावरांची असावी.

तेव्हा एक रात्र अरण्याजवळ आणि बाकीच्या शहरात, असा मुक्काम विभागावा. अरण्याजवळ राहण्याचे मार्ग तीन. वनखात्याच्या खोल्या साध्या असतात, पण आवारातच चितळ चरताना दिसतात. दुसरा मार्ग राज्य सरकारच्या ‘जंगल लॉजेस’ ह्या संस्थेचा. तेथे राहणे, जेवण व सफारी ह्यांचा मिळून माणशी दर घेतात. तिसरा मार्ग मंगला आणि आसपासच्या गावांतील खासगी रिसॉर्टांचा व घरगुती निवासांचा. ह्यांपैकी काही रिसॉर्टांत पोहण्याचे हौद आहेत. ज्या मुलखात उन्हाळ्यात हत्ती पाण्यासाठी वणवण करतो तेथे पाहुण्यांच्या डुंबण्यासाठी हौद, हे आम्हांस तरी पटत नाही. 2012 साली केंद्र सरकारने उद्यानाभोवतालचा पट्टा परिसंवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हा निवासाला रीतसर परवाना आहे की नाही, एवढे विचारण्यात संकोच कसला?

माणशी दर आणि खोलीचा दर ह्यांतील फरक बायकामाणसांना चटकन कळतो, पुरुषांना उशिरा. शहरातील लॉजमध्ये एक खोली घेऊन, वर एक गादी मागून, पाच माणसांचे भागते. माणशी दर असेल तेथे तेच पाच जण पाच दर देतात, आणि मुलाचे वय किती वर्षांपुढे गेले की त्याचा पूर्ण आकार लागतो, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. उलट माणशी दरात सफारी धरलेली असेल, तर महाग वाटणारी जागा कधी कधी स्वस्तही पडते. म्हणून कागदावर दोन रकाने करून जेवण, सफारी, कर आणि जाण्यायेण्याचे भाडे मांडावे व मगच निवड करावी.

पैसे भरण्यापूर्वी सफारी सुरू आहे ना, हेही विचारावे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये त्या भागात वाघांच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यावर सरकारने बंडीपूर व नागरहोळे येथील सफारी बंद करण्याचा आदेश दिला होता. वनाकाठच्या शेतकऱ्याचा जीव आपल्या सहलीपेक्षा मोलाचा आहे. परंतु अशी वेळ आली तर भरलेले पैसे परत मिळणार का, ही चौकशी आधीच झालेली बरी. वनखात्याने सफारीचे केंद्र काही वर्षांपूर्वी अलीकडच्या मेलुकामनहळ्ळीला हलविले आहे. खोलीपासून तेथवर पहाटे कसे जायचे, तेही ठरवून ठेवावे.

शहरातील निवासाविषयी थोडक्यात. रात्रीच्या बसने जाणारे कुटुंब सकाळीच पोहोचते आणि पुष्कळ हॉटेले दुपारी बारानंतर खोली देतात. बोचकी सांभाळीत पायरीवर बसण्यापेक्षा, आत आल्यापासून चोवीस तास मोजणारे लॉज शोधावे. 1921 साली व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी बांधलेला ललित महाल बाहेरून पाहावा. राहण्यासाठी स्थानक आणि देवराज बाजार ह्यांच्या दरम्यानची साधी जागा आपल्याला पुरे. दसऱ्याच्या दिवसांत मात्र तेथेही दर चढतात.

हल्ली स्वयंपाकघरासह घर भाड्याने मिळते. त्याची भुरळ पडते, कारण जेवणाचा खर्च वाचतो. पण तो वाचवितो कोण? बारा महिने चुलीपुढे बसणारी आई म्हैसुरातही चुलीपुढेच बसली, तर सुटी बाकीच्यांना मिळाली, तिला नव्हे. तान्हे मूल असेल किंवा कोणाचे पथ्य असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ज्या लॉजखाली इडली-डोसा आणि जेवणाचे ताट मिळते ते घ्यावे, आणि त्या माउलीला दुसऱ्याने वाढलेले गरम ताट चार दिवस मिळू द्यावे.

वारांची सांगडही मुक्कामाशी घालावी. शनिवारी पोहोचावे. रविवारी सकाळी अशोक रस्त्यावरील संत फिलोमिनाच्या मंदिरात मिस्सा ऐकावी; तिची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. ह्या मंदिराचा पाया 1933 साली महाराज कृष्णराज वडेयर ह्यांनी घातला. त्याचे जोडमनोरे 175 फूट उंच आहेत. जुना लाकडी राजवाडा 1897 साली जळाल्यावर उभारलेला आजचा राजवाडा 1912 साली पुरा झाला, आणि रविवारी सायंकाळी तो दिव्यांनी उजळतो. सोमवारी प्राणिसंग्रहालय पाहावे, कारण मंगळवारी ते बंद असते. मंगळवारी उटीकडे जाणारी बस धरून बंडीपुरास उतरावे. आठवड्याच्या मधल्या दिवशी तेथे गर्दीही कमी असते.

राहता राहिली आजी. सफारीच्या गाडीची पायरी उंच असते आणि वाटेवरचे हिसके तिच्या कमरेला मानवणारे नसतात. तिला ओढून नेऊ नये, आणि तिच्यासाठी कोणी हळहळत मागेही राहू नये. अरण्याजवळची खोली ठरविताना तळमजल्यावरची मागावी, न्हाणीघरात धरावयास कठडा आहे का ते विचारावे, आणि रानाकडे तोंड असलेली पडवी आहे ना, हे पक्के करून घ्यावे. पडवीत खाऊ मात्र उघडा ठेवू नये. माकडे टपलेली असतात. बाकी एक खुर्ची, एक शाल आणि चहाचा पेला मिळाला, की मंडळी परत येईपर्यंत आजीनेही चार चितळ मोजलेले असतात.