वैनगंगेचा पूल आणि आडवी बाटली

गेल्या ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला वंदन करून आम्ही एस.टी.ने गडचिरोलीस निघालो. मूल, सावली, व्याहाड मागे पडले आणि वैनगंगेचा पूल आला. पूल ओलांडायला काही मिनिटेच लागतात, पण तेवढ्यात कायदा बदलतो. अलीकडे परवान्याने विकलेली बाटली पलीकडे नेली की गुन्हा!

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली. तिच्यासाठी २०१० मध्ये महिला चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. २०२१ मध्ये शासनाने ही बंदी उठविली. अवैध दारू व गुन्हे वाढले, बायका-मुले त्या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणे देण्यात आली.

आमच्या शेजारी मूलची एक मजूर बाई बसली होती. विषय निघताच म्हणाली, "भाऊ, बंदी होती तेव्हा पोरगा बाटल्या आणता आणता पकडला गेला. आता दुकान उघडलं, तर नवरा मजुरी तिथंच ठेवून येते. मी कोणाच्या बाजूनं बोलू?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही पडलो कारकून. जमाखर्च मांडू लागलो. शासनाच्या वहीत दारूचे उत्पादन शुल्क जमेला लागते. पण त्या बाईची बुडालेली मजुरी आणि पोरावरचा खटला कोणत्या वहीत खर्ची पडतो?

नुसत्या बंदीने दारू जात नाही, हे खरे. पण परवाना दिल्याने ती निरुपद्रवी होते, असेही नाही. म्हणून निर्णय तिची झळ सोसणाऱ्यांच्या हाती हवा. महाराष्ट्रात त्यासाठी वाट आहे. गावातील किंवा वॉर्डातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, तर दुकान बंद करता येते. मात्र त्यासाठी घरोघर फिरणारी माणसे लागतात.

आणि आपले काय? पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. तरीही मागच्या वर्षी आमच्याच वस्तीतील वरातीत बाटल्या फुटल्या आणि आम्ही आहेर देऊन मुकाट्याने घरी आलो.

परतल्यावर विहारात वंदनेनंतर आम्ही त्या बाईचा प्रश्न मांडला. बराच वाद झाला. शेवटी एवढे ठरले, की वरातीत बाटली दिसली तर पंगतीला बसायचे नाही. सुरुवात आमच्या पुतण्याच्या लग्नापासून आहे.