दोन पेढ्या, एक गादी

भूगावच्या त्या घरात संध्याकाळची ताटे सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीच उचलली जातात. मानस तलावावरचा उजेड ओसरेपर्यंत पाणीही पिऊन झालेले असते. चौविहाराचा हा नेम तीन पिढ्यांचा. मुलगा रजेवर घरी आला की पहिल्या दिवशी मात्र त्याला हाक मारून उठवावे लागते, कारण त्याचे शरीर रात्रपाळीच्या घड्याळावर चालत असते. गुरुग्राममध्ये तो डबा दिवस असतानाच संपवून कामावर जातो आणि उजाडेपर्यंत काही घेत नाही. सहकाऱ्यांना प्रारंभी याचे नवल वाटे. पुढे त्यांनीच त्याच्या वाट्याचा चहा मागवणे बंद केले.

स्थानकात कोणी विचारले, की आई सांगते, "एअरलाइनमध्ये आहे." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पायलट का?" नाही म्हटले की विचारणाऱ्याचा उत्साह किंचित उतरतो. तो फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान सुटण्याच्या काही तास आधी त्या फेरीचे सारे गणित त्याच्या टेबलावर मांडले जाते. वाटेतील वारा, दोन्ही टोकांचे हवामान, कोणती धावपट्टी केव्हा बंद आहे याच्या सूचना, प्रवाशांचे आणि मालाचे वजन, जाण्याचा मार्ग. आणि ठरल्या ठिकाणी उतरता आले नाही तर जायचे कोठे. दिल्लीवर धुके उतरण्याची चिन्हे असतील तर जयपूर, लखनौ की अहमदाबाद, याचा निर्णय प्रवासी विमानतळाच्या वाटेवर असतानाच झालेला असतो. आराखडा वैमानिक तपासतो आणि अंतिम शब्द त्याचाच असतो. पण विमान आकाशात असेपर्यंत जमिनीवरून त्याच्यावर लक्ष ठेवणारा हा माणूस प्रवाशाला कधी दिसत नाही.

वडिलांची मार्केट यार्डात गूळ-साखरेची पेढी. त्यांना मुलाचे काम खऱ्या अर्थाने कळले ते इंधनाच्या हिशेबातून. एकदा जेवणानंतर मुलाने कागदावर मांडून दाखवले: धावपट्टीपर्यंत जाण्याचे इंधन वेगळे, प्रवासाचे वेगळे, वारा उलटला वा मार्ग लांबला तर प्रवासाच्या इंधनाच्या साधारण पाच टक्के अधिक, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणखी निराळे, आणि या सर्वांखाली ३० मिनिटांचे शेवटचे राखीव, ज्याला हात लावण्याची वेळ येणे हीच आणीबाणी. वडिलांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे शिल्लक बांधल्याशिवाय तुम्ही माल हलवतच नाही," ते म्हणाले. त्यानंतर पेढीवर येणाऱ्या कोणालाही ते मुलाच्या कामाविषयी अभिमानाने सांगू लागले. क्वचित थोडे चुकीचेही सांगत, पण अभिमान खरा होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वृत्तपत्रांत मोठी बातमी आली. टाटा समूहाने त्याच वर्षी जानेवारीत एअर इंडिया सरकारकडून ताब्यात घेतली होती. आता विस्तारा तिच्यात विलीन होणार आणि सिंगापूर एअरलाइन्सला एकत्रित कंपनीत २५.१ टक्के हिस्सा मिळणार, असे ठरले. दुसऱ्या बाजूला पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिळणार होती. चार कंपन्यांच्या दोन. मुलगा या चारांपैकी एकीत होता. कोणत्या, हे येथे महत्त्वाचे नाही, कारण त्या काळात चौघींच्याही नियंत्रण कक्षांत एकच प्रश्न घोळत होता.

व्यापाऱ्याला तो चटकन समजेल. विमान चालवण्याचा परवाना एक झाला की नियमपुस्तिका एक, संगणकप्रणाली एक आणि नियंत्रण कक्षही एकच. विमाने एकत्र येतात, तेव्हा त्यांची संख्या घटत नाही. एका खुर्चीसाठी माणसे मात्र दोन होतात. शिवाय दोन ठिकाणच्या वेतनाची बांधणी वेगळी. एकीकडे मूळ पगार कमी आणि भत्ते अधिक, दुसरीकडे उलट. एकीकडे करार ठरावीक मुदतीचा, दुसरीकडे नोकरी कायम. दोघांच्या हातात महिन्याला सारखीच रक्कम पडत असली, तरी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी तेव्हा मूळ वेतनावर मोजली जात असे, हे ज्याने पेढीचे पगारपत्रक केले आहे त्याला सांगायला नको. आणि ज्येष्ठता? दोन याद्या एकमेकींत गुंफताना कोणाचे नाव कोणाखाली जाणार? दहा वर्षे रात्री जागून मिळवलेली जागा एका ओळीने खाली सरकते. पगार तोच राहिला, तरी पुढची बढती दूर जाते.

बावधनला त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, तेव्हा ते नोकरीत होते. मुलगा त्यांना भेटायला गेला तो धीर मिळावा म्हणून. परतला तो अधिक गंभीर होऊन. ते विलीनीकरण कागदावर एका वर्षात झाले, पण माणसांचे झाले नाही. समान वेतनाच्या मागणीसाठी २०११ च्या एप्रिल-मे मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले; पुढच्या वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. दोन्हीकडच्या वेतनश्रेणी आणि ज्येष्ठता यांचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती मे २०११ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर जवळजवळ चार वर्षांनी. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. तोवर एकाच कंपनीत शेजारी बसणारी माणसे एकमेकांना "तुमच्याकडे" आणि "आमच्याकडे" म्हणत होती.

त्याहून मागे गेले, तर १९५३ सालीही हेच घडले होते. आठ खासगी विमान कंपन्या कायद्याने एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. त्यांतील एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची, म्हणजे वालचंद हिराचंदांशी नाते सांगणारी. सोलापूरच्या या जैन उद्योजकाने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. त्या आठ कंपन्यांत खाते सांभाळणाऱ्या, हवामान पाहणाऱ्या आणि वजने मांडणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र सांगितले जात नाही. इतिहास मालकांचा लिहिला जातो, मुनिमांचा क्वचितच.

वडिलांचे उत्तर आरंभी सरळ होते. "इकडे ये. गादी मोकळी आहे. कोणाच्या यादीत वर-खाली होण्यापेक्षा आपला धंदा काय वाईट?" मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही तीस वर्षांत गूळ ओळखायला शिकलात. मी दहा वर्षांत धुके ओळखायला शिकलो. ते मी मार्केट यार्डात कोणाला विकू?" वडील रागावले आणि दोन दिवस फारसे बोलले नाहीत. भूगावच्या घरावरील कर्जाचा हप्ता मुलाच्या पगारातून जात होता. नातीची शाळा गुरुग्रामला. सुनेने स्वतःची नोकरी बदलावी की थांबावी, हेही त्याच एका पत्रावर अडलेले. स्थानकात पूर्वी "पायलट का?" विचारणारे आता "नोकरी पक्की आहे ना?" असे विचारू लागले. त्या प्रश्नात काळजी किती आणि कुतूहल किती, ते विचारणाराच जाणे.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी आपणहून एक जुनी गोष्ट काढली. पेढी भवानी पेठेत होती तेव्हाची. आजोबांनी आपल्या चुलतभावाची पेढी स्वतःच्या पेढीत सामावून घेतली. माल एकत्र झाला, येणे-देणे एकत्र झाले, दोन वह्यांची एक वही झाली. मुनीम दोन उरले. आजोबा सज्जन, त्यांनी दोघांनाही ठेवून घेतले आणि कोणाचा एक पैसा कमी केला नाही. पण खतावणी लिहिणारा हात एकच लागतो. चुलत पेढीचे मुनीमजी रोज सकाळी धुतलेली टोपी घालून येत, गादीच्या कडेला बसत आणि दिवसभर दौत पुसत. कोणी उधारीची चौकशी केली, की ते उत्तर देण्यासाठी मान वर करीत आणि तोवर दुसऱ्या मुनिमांनी सांगून टाकलेले असे. वर्षभराने, दिवाळीच्या वहीपूजनानंतर त्यांनी हात जोडले आणि गावी जाण्याची परवानगी मागितली. आजोबांना नवल वाटले: पगार तर वेळेवर देत होतो, मग का?

"मी तेव्हा दहा वर्षांचा होतो," वडील म्हणाले. "मलाही दादाजींसारखेच वाटले, की हा माणूस कृतघ्न आहे. तुझ्या वयापर्यंत तेच वाटत होते." एवढे बोलून ते सामायिकाला बसले.

वास्तविक कायद्याने या गोष्टीचा विचार केलेला आहे. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद होती: उपक्रमाची मालकी बदलताना कामगाराची सेवा खंडित झाली नाही, अटी पूर्वीपेक्षा कमी हिताच्या झाल्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास मागची वर्षे धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील असला, तर मालकीबदल म्हणून वेगळी भरपाई नव्हती, यांतले काही चुकले तर होती. पण व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा माणूस त्या कायद्याच्या अर्थाने "कामगार" नव्हता. डिस्पॅचर नेमका कोण, हा वकिलांच्या वादाचा विषय होऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये उड्डाणाशी थेट संबंध नसलेल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना जाहीर झाल्या, तेव्हा मुलाने ती बातमी घरच्या गटात पाठवून खाली एकच ओळ लिहिली होती: "आम्ही जमिनीवरचे की आकाशातले?"

वैमानिकांचे तसे नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या वैमानिकांत नव्या वेतनरचनेवरून नाराजी उसळली. हमीच्या उड्डाणतासांचा आकडा ७० वरून ४० वर येणार होता. उड्डाणे रद्द होऊ लागली, कंपनीला रोजच्या पंचवीस-तीस फेऱ्या कमी कराव्या लागल्या आणि देशभर चर्चा झाली. डिस्पॅचर मूठभर. त्यांच्या वेतनावर अग्रलेख येत नाहीत. त्यांच्या सहीवाचून विमान हलत नाही ही गोष्ट वेगळी. पण जे काम दिसत नाही त्याचे मोल मागणाऱ्याचा आवाजही लहानच राहतो. याच काळात आखाती देशातील एका कंपनीकडून मुलाला विचारणा झाली. पगार अधिक होता. त्याने पत्नीशी बोलून आठवडाभर विचार केला आणि नाही म्हटले. कारण विचारले, तेव्हा एवढेच सांगितले की अनिश्चिततेला कंटाळून घेतलेला निर्णय आणि विचाराने घेतलेला निर्णय यांतला फरक त्याला त्या आठवड्यात करता आला नाही. आणि कामावर असताना असा आराखडा तो कधीच मंजूर करत नाही.

त्या दोन वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. हे सहज लिहून जाते. पण डोक्यात घराचा हप्ता आणि डोळ्यांसमोर दिल्लीचे धुके असताना वजनाचा एकेक आकडा दोनदा तपासत रात्र काढणे म्हणजे काय, ते ती रात्र काढणाऱ्यालाच ठाऊक.

२०२४ च्या दिवाळीला तो घरी आला. वहीपूजन झाले. वडिलांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले, पाने उलटली आणि एका कोऱ्या पानाच्या माथ्यावर मुलाचे नाव घातले. खाली घराचे सहा हप्ते आणि नातीची वर्षाची फी जमा धरलेली होती. रक्कम पेढीच्या भांडवलातून काढलेली; त्या हंगामात गुळाची खरेदी तेवढी कमी होणार होती. मुलगा वाकून पाहत राहिला. "पप्पा, हे कशाला? अजून काही झालेले नाही." वडील चष्मा काढत म्हणाले, "झाल्यावर भरतोस का तू?" मग जरा थांबून म्हणाले, "लागले नाही तर पुढच्या दिवाळीला मुनीमजींच्या गावच्या शाळेला पाठवू. गाव मला माहीत आहे."

७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश दिला. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनी थांबली, तेव्हापासून थकीत देण्यांची वाट पाहणारी कितीतरी माणसे मुलाच्या परिचयाची होती. पाचच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिच्या उड्डाणांच्या क्रमांकांच्या आरंभी दोनचा आकडा लागला. एक्स्प्रेसचे विलीनीकरण महिनाभर आधीच झालेले होते. मुलाची खुर्ची राहिली. ज्येष्ठतेच्या यादीत आपण कोठे आहोत, हे त्याला अद्याप कळलेले नव्हते.

त्या पहाटे भूगावला वडील नेहमीप्रमाणे पाचला उठले. फोनवर निरोप होता: "सगळी वेळेवर निघाली. दिल्लीत धुके नाही." त्यांनी तो सुनेच्या सासूला, म्हणजे घरच्यांच्या भाषेत मम्मीला, वाचून दाखवला, फोन पालथा ठेवला आणि आसन अंथरले.