रेनकोटच्या आतला पाऊस

ट्रेकिंगच्या रेनकोटला आतून शिवलेल्या चिठ्ठीवर ‘१०,००० मिमी’ असा आकडा असतो. कोल्हापूरच्या माणसाला मिलिमीटर म्हटलं की गगनबावडा आठवतो. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळमध्ये जेमतेम पाचशे. तेव्हा दहा हजारांचा रेनकोट म्हणजे गगनबावड्याचे जवळजवळ दोन पावसाळे झेलायची सोय, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण तो आकडा पावसाचा नसतोच. ताणून बसवलेल्या कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला थेंब पलीकडे पाझरतात ते मोजतात. दहा हजार म्हणजे दहा मीटरचा स्तंभ. बाहेरचं पाणी कितपत अडेल हे त्यातून कळतं. आत चालणाऱ्या माणसाचं काय होईल, ते कळत नाही.

ते कळतं मसाई पठारावर.

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात पन्हाळ्याहून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. ती वाट दर जुलैत हजारो माणसं चालतात. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी, पावनखिंड. पन्हाळ्यावरून निघताना प्रत्येकाच्या रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते. पठाराचा चढ संपेपर्यंत ती छातीवर येते आणि पुढच्या उतारावर बऱ्याच जणांचे रेनकोट कमरेला बांधलेले दिसतात. महागडे आणि स्वस्तातले, दोन्ही. पावसानं भिजायचं ते भिजतातच, पण आधी भिजलेले असतात घामानं.

दोष चालणाऱ्यांचा नाही. जोरात चढताना माणूस तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज गाळतो. तो वाफ होऊन बाहेर पडावा म्हणून ‘श्वास घेणारे’ रेनकोट आले; त्यांतला सूक्ष्म छिद्रांचा पडदा बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन ताणून तयार केला होता. पण हा पडदा काही पंप नव्हे. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी, असा फरक असेल तरच वाफ बाहेर जाते. ५ अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे ७ ग्रॅम बाष्प मावतं, २५ अंशांच्या हवेत २३ ग्रॅम. स्कॉटलंडच्या डोंगरात धुकं असलं तरी आतल्या उबदार हवेपेक्षा बाहेर बाष्प फारच कमी असतं. जुलैतल्या पन्हाळ्यावर हवा पंचविशीच्या आसपास आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली. वाफेनं जायचं कुठं? वरून बाहेरचं कापड एकदा चिंब झालं की पडद्यावर पाण्याचाच थर बसतो. मूळ रेनकोटच मुळी थंड मुलखातला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबर घालून तो केला, आणि तो उन्हाळ्यात चिकट व्हायचा.

म्हणून या मुलखात पाऊस कसा झेलायचा हे शिकायचं तर त्याच वाटेच्या कडेला, भाताच्या खाचरात बघावं. इरलं आता कमी दिसतं, पण अजून दिसतं. बांबूच्या बारीक कामट्यांची दुहेरी जाळी, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसासारख्या रुंद पानांचे थर, आणि सगळं बांबूच्याच बंदांनी आवळलेलं. अलीकडे पानांच्या जागी मेणकापड आलं, पण घाट तोच राहिला: उपड्या होडीसारखा, डोक्यावर टेकणारा आणि पाठीवरून कमरेखालपर्यंत उतरणारा. उभ्या माणसाच्या अंगावर तो बेढब वाटतो. बाई चिखलगुठ्ठ्यात रोप लावायला वाकली, पाठ आडवी झाली, की त्याचं छप्पर होतं. पागोळ्या दोन्ही बाजूंनी गळतात, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मुख्य म्हणजे खालून वारा खेळतो. इरलं अंगाला फक्त डोक्यापाशी टेकतं, बाकी सगळीकडे मधे हवा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून राबणाऱ्या बाईला घाम ट्रेकरपेक्षा कमी येत नाही. पण तो कोंडत नाही. त्या घाटात किती पिढ्यांचं डोकं आहे! प्रत्येक कामाचं, प्रत्येक अंगस्थितीचं वेगळं छप्पर असतं हे त्या करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. गुरांमागं चालणाऱ्याला इरलं उपयोगाचं नाही, वारा ते उचलतो. त्यानं पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ केली, तीही पुढून उघडीच. खोळीचं कापड बदललं, तागाचं जाऊन खताच्या पिशवीचं आलं. पुढची बाजू मात्र कुणी शिवून बंद केली नाही.

पाठीवरच्या सॅकसकट डोक्यावरून घालायचा, दोन्ही बाजूंनी उघडा पाँचो हा या खोळीचाच भाऊबंद. जंगलवाटेला तो उत्तम. राधानगरीच्या झाडीत साधी छत्री त्याहूनही चांगली, कारण तिच्याखाली माणूस पूर्ण मोकळा असतो. मसाईच्या उघड्या सड्यावर मात्र छत्री एका झोतात उलटते आणि पाँचो तोंडावर येतो. तिथं काखेत चेन असलेलं पातळ जाकीट हवं, तेही वाऱ्यासाठी. आतले कपडे भिजणार हे धरूनच चालावं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून हा जिल्हा सुती कापडाचा अभिमान बाळगून आहे, तो रास्तच आहे. तरीही जुलैच्या वाटेवर सुती शर्ट नको आणि जीन्स तर नकोच. पाणी पिऊन ती जड होते, मांड्या सोलवटते आणि मुक्कामापर्यंत वाळत नाही. पातळ पॉलिएस्टर अंगावरच सुकतं. रात्रीचे कोरडे कपडे सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असावेत आणि कितीही मोह झाला तरी सकाळी पुन्हा ओलेच चढवावेत.

भिजूनही ऊब देणारी वस्तू इथं होतीच: घोंगडं. वाटेवरच्या धनगरवाड्यांत ती अजून खुंटीला असते. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. बाष्प शोषताना थोडी उष्णताही देतो. शिवाय सणगरांनी मागावर विणलेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, त्यानं वीण घट्ट बसते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली घोंगडी खांद्याखांद्यावर दिसतात. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि खरखरीत, अंगालगत सोसत नाही. वरून पांघरायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण आता त्या लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून कापलेली लोकर मेंढपाळ कित्येकदा माळावरच टाकून देतात. उलट परदेशी मेंढीच्या लोकरीचे बनियन डोंगरात जाणारी मुलं चार-चार हजारांना घेतात. कोल्हापुरात इतकी ट्रेकिंगची मंडळं आहेत, इतके शिवणारे कारागीर आहेत. त्यांतल्या कुणीतरी या लोकरीची, पुढून उघडी, टोपीची हलकी खोळ शिवून एका जुलैत पांढरेपाण्यापर्यंत चालवून बघावी.