दोन सकाळी आणि एक टर्की

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत शिकारीच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. आमचे एक चुलत आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. त्यांनी स्वतः बंदूक किती वेळा झाडली हा प्रश्न घरात कोणी विचारीत नसे. परंतु हाका कसा निघतो, मचाण कोणत्या झाडावर बांधावे, वारा कुठल्या अंगाने असावा, याविषयी ते तासन् तास बोलत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्याकडे गोष्टी तेवढ्या उरल्या. त्याच गोष्टींवर वाढलेले आमचे चिरंजीव पुढे अमेरिकेतील मिसुरी राज्यात स्थायिक झाले आणि तेथे रीतसर प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून शिकारी झाले, हे आम्हांस प्रथम फोनवर कळले तेव्हा काय बोलावे ते सुचले नाही.

२००९ च्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याकडे होतो. वसंतातील टर्कीचा हंगाम तेथे तीन आठवड्यांचा. चिरंजीव एका रुग्णालयातील औषधविभागात पाळीने काम करीत. त्यामुळे त्या तीन आठवड्यांतून त्यांच्या वाट्याला शनिवार आणि रविवार अशा दोनच सकाळी आल्या होत्या. त्यातही रविवारी दुपारी आमचे परतीचे विमान. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून दुपारी एकपर्यंतच बंदूक चालवावयाची, असा सार्वजनिक वनांतील नियम. म्हणजे हिशेबाने फार तर दहा तास हाती. "बाबा, तुम्ही चला. फक्त हलायचं नाही," एवढीच अट त्यांनी घातली. ती आम्हांस तेव्हा सोपी वाटली.

या पक्ष्याच्या नावाची मोठी गंमत आहे. तो मूळचा अमेरिकेचाच. पण इंग्रजांनी त्याला तुर्कांचे नाव दिले, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'. ज्याला त्याला तो दुसऱ्याच कुठल्या मुलखाचा वाटतो. असो. मिसुरीतून तो जवळजवळ नाहीसा झाला होता. उरलेले पक्षी जाळ्यांत धरून नव्या रानांत सोडीत तेथील वनखात्याने तो पुन्हा वाढविला. १९६० साली तेथे नव्याने पहिला वसंत-हंगाम झाला तो अवघ्या १४ जिल्ह्यांत, तीन दिवसांचा, आणि त्यात ९४ पक्षी मारले गेले. वसंतात केवळ दाढीवाला पक्षी मारण्याची मुभा असते. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ केसांसारख्या पिसांचा झुबका. एक नर अनेक माद्यांशी रमतो, म्हणून हंगामातील थोडे नर गेल्याने पुढची वीण अडत नाही, असे त्यामागचे गणित. हे गणित आम्हांस पटले, तरी पोटातला गोळा काही गेला नाही, हेही सांगून टाकतो.

शनिवारी पहाटे चारला निघालो. ओझार्कच्या डोंगररांगांत ओक आणि हिकरी यांची नुकती पालवी फुटलेली झाडे. अंधारात मधूनच डॉगवुडची पांढरी फुले दिसत. नर टर्की रात्री उंच झाडावर बसतो आणि उजाडताना तेथूनच साद घालतो. घुबडाचा घूत्कार झाला तरी तो चिडल्यासारखा ओरडून उत्तर देतो. म्हणून शिकारीच घुबडासारखा आवाज काढून त्याचा ठावठिकाणा काढतात. चिरंजीवांनी तसा आवाज काढला आणि समोरच्या उतारावरून असा काही गडगडाटी कल्लोळ उठला की आमची झोप पार उडाली. आम्ही एका रुंद ओकला पाठ टेकून बसलो. खोड खांद्यांपेक्षा रुंद हवे, म्हणजे मागून कोणी चुकून गोळी झाडली तर ते आड येते. चिरंजीवांनी समोरचे एक पडके लाकूड पावलांनी मोजून ठेवले होते: पस्तीस पावले. त्याच्या अलीकडे पक्षी आला तरच चाप ओढायचा, कारण छर्रे डोक्या-मानेवरच बसले पाहिजेत; एरवी पक्षी जखमी होऊन रानात मरतो.

मादीची साद काढण्याची त्यांची साधने पाहून आम्हांस शाळा आठवली. एक तर चक्क पाटी-पेन्सिलच: गोल पाटीच्या तुकड्यावर लाकडी काडी घासावयाची. दुसरी देवदारूची लांबट डबी, तिच्या कडांवर खडू लावलेले झाकण ओढावयाचे. यातली मेख अशी की निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीच्या आवाजात बोलावतो, म्हणजे नराला त्याच्या रीतीविरुद्ध वागावयास सांगतो. म्हणूनच जास्त बोलावले की तो जागीच थांबून पिसारा फुलवितो आणि 'तूच ये' म्हणून वाट पाहतो.

तो आलाही. साठेक पावलांवर, मोरासारखा पिसारा उभारून, पंखांची टोके जमिनीवर घासत. त्याचे डोके क्षणात लाल, क्षणात निळे-पांढरे होई. नेमकी त्याच वेळी आम्हांस शिंक आली. ती दाबण्यासाठी आम्ही सवयीने खिशातून पांढरा रुमाल काढला. टर्कीला वास फारसा येत नाही, पण दृष्टी विलक्षण. पिसारा मिटला आणि पक्षी दिसेनासा झाला. चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पक्षी गेला म्हणून नव्हे. लाल, पांढरा, निळा हे नराच्या डोक्याचे रंग. त्या रानात दुसरा कोणी शिकारी असता तर झाडाच्या बुंध्याशी हललेला तो पांढरा ठिपका त्याला काय वाटला असता, हे त्यांनी आम्हांस दबक्या आवाजात सांगितले. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

आमच्यामुळे निम्मा वेळ वाया गेला होता. वाटले, उद्या आम्ही घरीच राहावे. परंतु संध्याकाळी कामावरून सुटताच चिरंजीव बंदूक न घेता आम्हांस पुन्हा रानाकडे घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला दहा-दहा मिनिटे मोटार थांबवून ऐकावयाचे, एवढेच. सूर्य मावळताना झाडावर चढलेला नर एकदा ओरडला. मग जवळच्या डोंगरमाथ्यावरील मोकळ्या जागेत मातीवर पंखांनी ओढलेल्या रेघा दिसल्या, नराची आकड्यासारखी वाकडी विष्ठाही दिसली. वेळ थोडा असला की माणूस तो सगळा बंदुकीसाठी राखू पाहतो. आमच्या मते त्या अर्ध्या तासानेच दुसरी सकाळ वाचविली.

रविवारी उजाडताच नर माद्यांसह झाडावरून उतरला आणि सरळ उलट्या दिशेला चालता झाला. आम्ही घड्याळ पाहिले. अकराला रान सोडणे भाग होते. त्याच्या मागे धावावे असे आमच्याही मनात आले. पण ओरडणाऱ्या पक्ष्याच्या मागावर चालत जाणे हाच त्या रानातील सर्वांत मोठा अविचार, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. चिरंजीव डोंगरमाथ्यावरील त्या जागेपाशी जाऊन बसले ते बसलेच. पाटीवर काडी वीस मिनिटांतून एकदा, तीही हलकेच. सकाळ वर आली की माद्या अंडी घालावयास घरट्यांकडे जातात आणि एकटा पडलेला नर भटकू लागतो, यावर त्यांची सगळी भिस्त. मांडीवर गोचीड चढली, पाय बधिर झाला. आम्ही हललो नाही. रुमाल घरी ठेवला होता.

दहा वाजून गेल्यावर तो आला, एकही आवाज न करता. त्याच्या मागोमाग एक मादी. ती त्याच्या सरळ रेषेत होती तोवर चिरंजीवांनी चाप ओढला नाही. आम्ही मनातल्या मनात मिनिटे मोजीत होतो. ती बाजूला सरली. आवाज झाला. पक्षी जागीच कोसळला, थोडा वेळ पंख फडफडले, मग थांबले. चिरंजीव त्याच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. उन्हात त्या पिसांवर तांब्यासारखी झळाळी होती. आमचे चुलत आजोबा गोष्ट नेहमी गोळी सुटली की संपवीत. हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता.

पुढे सगळी घाई. परवान्यावर तारखेची खाच पाडली, रात्री दहाच्या आत फोनवरून नोंद करावयाची होती ती मोटारीतूनच केली. घरामागे पक्षी साफ करताना आम्ही पाय धरले. विमानतळावर सामान देताना चिरंजीव म्हणाले, "पुढच्या वर्षी हिरवा रुमाल आणा." आम्ही हो म्हटले.