केमिस्ट्री राहिलेल्या मुलींसाठी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि मांडवा, सासवणे, आवास, बोडणी या अलिबागजवळच्या आमच्या पट्ट्यातल्या काही घरांत दरवर्षी तेच बोलणं सुरू होतं. ‘बायोलॉजीत बरे आहेत, इंग्रजी सुटलं, पण केमिस्ट्री राहिली.’ एखाद्या घरात फिजिक्स राहिलेलं असतं. मुलीला नर्स व्हायचं असतं. मग कोणी सांगतं, ‘आर्ट्सला टाका, वर्ष तरी वाया जायला नको.’ कोणी सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग कोर्स’ची जाहिरात आणून दाखवतं. कोणी स्थळाचा विषय काढतं.

माझी नोकरी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर मी इथेच राहते आणि निकालानंतर या मुली आईबरोबर माझ्याकडे येतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. राहिलेला विषय पुन्हा द्यायचा, आणि तो नुसता सुटण्यापुरता द्यायचा नाही. तो समजून घ्यायचा, कारण वॉर्डात रोज त्याच्याशी गाठ आहे.

आधी नियमांचं बघू. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय सुटलेले लागतात. शिवाय पहिल्या तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 40 टक्क्यांची आहे. बोर्डाचं पासिंग मात्र 35 वर आहे. फिजिक्समध्ये 42, बायोलॉजीत 55 आणि पुरवणी परीक्षेत केमिस्ट्री नेमक्या 35 वर सुटली, तर बेरीज 132 होते. घरात पेढे वाटले जातात आणि प्रवेशाच्या वेळी कळतं की मुलगी पास आहे, पण पात्र नाही. तिला केमिस्ट्रीत 38 हवे होते. म्हणून पहिल्याच दिवशी मार्कशीट समोर ठेवून आपल्याला किती हवेत तो आकडा काढा आणि त्याच्या बराच वरचा आकडा मनात धरा. सगळे विषय सुटलेत पण बेरीज कमी पडते, अशा मुलींसाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. तिच्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात आणि संधी ठरावीकच असतात. एकच विषय राहिलेल्या मुलीला तेवढाच विषय द्यायचा असतो, त्यामुळे तिचं ओझं खरं तर कमी आहे.

आता राज्यात बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी आहे. त्याआधी हे प्रवेश ‘नीट’वरून होत. सीईटीतही फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न असतातच. राहिलेल्या विषयाचा अभ्यास नीट झाला, की तो दोन ठिकाणी कामी येतो.

आता मुलींच्या मनातला खरा प्रश्न. ‘मॅडम, पेशंटची सेवा करायला केमिस्ट्री कशाला लागते?’ हा प्रश्न आला की मी त्यांच्यासमोर एक रिकामं अँप्यूल ठेवते. पोटॅशियम क्लोराइड, 15 टक्के, 10 मिलिलिटर. डॉक्टरांची ऑर्डर मात्र टक्क्यांत येत नाही, ती येते मिलिइक्विव्हॅलंटमध्ये: ‘20 मिलिइक्विव्हॅलंट सलाईनमधून द्या.’ या दोहोंचा मेळ घालायचा तर गणित मोलचंच आहे. 15 टक्के म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 15 ग्रॅम, म्हणून 10 मिलिलिटरमध्ये दीड ग्रॅम. पोटॅशियमचं अणुवस्तुमान 39, क्लोरीनचं 35.5, बेरीज 74.5. दीड ग्रॅमला 74.5 ने भागलं की उत्तर येतं 0.02 मोल, म्हणजे 20 मिलिमोल. पोटॅशियमवर एकच भार असतो, म्हणून तेवढेच मिलिइक्विव्हॅलंट. अख्खं अँप्यूल म्हणजे ती ऑर्डर. हे औषध पातळ न करता थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. मोलचं गणित ‘हे ऑप्शनला’ म्हणून ज्या मुलीने सोडून दिलेलं असतं, ती अँप्यूल हातात घेऊन बराच वेळ गप्प बसते आणि मग पेन मागते.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली बाटली मिळते आणि 100 युनिटवालीही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर भरलं जातं आणि पेशंटच्या अंगात 20 ऐवजी 50 युनिट जातात. संहती म्हणजे काय हे ज्या मुलीला कळलंय, तिला ही चूक भरतानाच दिसते. नुसते टोपणाचे रंग पाठ केलेल्या मुलीचा घोटाळा एखाद्या गडबडीच्या रात्रपाळीत होऊ शकतो.

फिजिक्सचीही सुटका नाही. 500 मिलिलिटरची बाटली 8 तासांत संपवायची आहे आणि सेट 1 मिलिलिटरला 20 थेंबांचा आहे. 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं: मिनिटाला साधारण 21 थेंब. मग स्टँड खाली घेतला की थेंब का मंदावतात? बारीक सुईतून रक्त सावकाश का जातं? ही दाबाची आणि प्रवाहाची प्रकरणं आहेत. शिरेतून साधं डिस्टिल्ड वॉटर का चालत नाही, 0.9 टक्के मिठाचंच पाणी का लागतं, याचं उत्तर परासरणात आहे: नुसत्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी बायोकेमिस्ट्री समोर येते, पुढे फार्माकॉलॉजी. तिथे पासिंग 50 टक्क्यांवर आहे, लेखीत वेगळं आणि प्रात्यक्षिकात वेगळं. बारावीला घासूनपुसून सुटलेला विषय तिथे पुन्हा दारात उभा राहतो.

या मुली नापास का होतात, तेही बघायला हवं. बहुतेकींचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालेलं असतं आणि अकरावीला सायन्सचं पुस्तक एकदम इंग्रजीतून हातात येतं. डोकं तेच असतं, प्रश्न वाचतानाच अर्धी ताकद खर्च होते. कॉलेज अलिबागला, एसटीचा सकाळ-संध्याकाळचा प्रवास, घरी आल्यावर चूल आणि धाकटी भावंडं. क्लास परवडत नाही. या सगळ्याचा हिशेब मार्कशीटमध्ये लिहिलेला नसतो.

त्यात पुरवणी परीक्षा येते जून-जुलैत. आमच्या किनाऱ्यावर याहून अवघड दिवस नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यातल्या घरांत रोख पैसा नसतो. आगरी घरांत लावणी सुरू असते आणि कमरेत वाकून काम करणारा प्रत्येक हात हवा असतो. गेटवेच्या लाँच बंद, भाऊच्या धक्क्याची रो-रो तेवढी सुरू. लाइट जाते-येते. अशा दिवसांत मुलगी पुस्तक घेऊन बसली की ‘आता काय उपयोग’ असं कोणीतरी म्हणतंच. त्या दोन महिन्यांत घराने तिला लावणीतून मोकळं ठेवलं, तर तेवढीच मदत पुरते. हे मी इथल्या घरांत पाहिलं आहे.

अभ्यासाची माझी रीत साधी आहे. आपली आधीची चूक कुठे झाली ते आधी शोधायचं. गणितं सोडून दिली होती, की उत्तर येत असून इंग्रजीत मांडता आलं नाही? केमिस्ट्रीत ‘सोल्युशन्स’ आणि ‘आयॉनिक इक्विलिब्रिया’ ही प्रकरणं पहिली घ्यायची, कारण नर्सिंगला तीच सगळ्यात जास्त लागतात. प्रत्येक व्याख्या आधी मराठीत समजून घ्यायची, मग इंग्रजीत लिहून काढायची. गणित सोडवताना प्रत्येक पायरीवर एकक लिहायचं. वॉर्डात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत झाली तर डोस हजारपटीने चुकतो, म्हणून ही सवय आत्ताच लागायला हवी. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या.

आधी पायरी भरून काढायची आणि मग नर्सिंगला जायचं, ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा तिथे आलेल्या कितीतरी स्त्रिया तरुण विधवा होत्या आणि त्यांची शाळा अर्धवट सुटलेली होती. तिथे मोठ्या वयाच्या बायकांना आधी शाळेचे विषय शिकवले जात, आणि तिथल्या मुली पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेत. वय वाढलं, वर्षं गेली, तरी त्यांना शिकता आलं.

काही घरांना वाट बघणं खरंच परवडत नाही. त्यांच्यासाठी जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स आहे. त्याला आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींनाही जाता येतं. मात्र बारावी सुटलेली हवी आणि इंग्रजीत व एकूणात 40 टक्के हवेत. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एएनएम दोन वर्षांचं आहे आणि गावच्या उपकेंद्राची सगळी भिस्त एएनएम सिस्टरवर असते. हे दोन्ही रस्ते सन्मानाचे आहेत. सहा महिन्यांच्या जाहिराती मात्र वेगळ्या. तसल्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवता येत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा.

मांडव्याच्या पालकांना एवढंच सांगते. रात्री इथे कोणाच्या छातीत दुखलं की अलिबाग 20 किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात मुंबई गाठायची तर बहुतेक वेळा वडखळवरून रस्त्याचा लांबचा फेरा. अशा गावांना आपल्याच घरांतल्या शिकलेल्या सिस्टर हव्यात. एका विषयासाठी त्यातली एक गमावू नका. पुरवणीचे फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात आणि मुदत लहान असते. निकालाच्या आठवड्यातच मुलीला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा.