चौथा भिडू

ब्रिजला चार माणसं लागतात. तिरुवैयारुत कावेरीकाठी गप्पांना चौघं सहज जमतात, गाणं ऐकायला तर अख्खी गल्ली येते. पण ‘एक नो ट्रम्प’ म्हटल्यावर त्याचा अर्थ कळणारे तिघे एका वेळी मिळणं कठीण. म्हणून रात्रीची आवराआवर झाली की मी फोनवर ब्रिज बेस ऑनलाइन उघडते. समोरचा भिडू रोबो, डावीकडचा रोबो, उजवीकडचाही रोबो. पानं वाटली जातात आणि मी खेळायला बसते.

नव्याने शिकणाऱ्याला हे टेबल फार मानवतं. कुठल्याही बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ पडद्यावर उमटतो. परवा भिडूने एक नो ट्रम्प म्हटलं, म्हणजे मोठ्या पानांचे १५ ते १७ गुण आणि चारही रंग जवळपास समतोल. माझ्याकडे गुण जेमतेम, पण इस्पिकं पाच. मी दोन बदाम म्हणाले. बदाम माझ्याकडे दोनच होते. पण या बोलीने भिडूला इस्पिक बोलायला सांगायचं असतं. त्याने दोन इस्पिक म्हटलं आणि बोली तिथेच थांबली. आता त्याचा भरभक्कम हात झाकलेला राहतो आणि माझी दुबळी पानं डमी म्हणून उघडी पडतात. पहिलं पान त्याच्या डावीकडून येतं, त्यामुळे त्या हाताला सगळ्यांच्या शेवटी खेळायला मिळतं आणि त्यातला एखादा राजा सांभाळला जातो. इतकी साधी युक्ती, पण ती उमगली तेव्हा मला कोण आनंद झाला!

तेरा पानांचे वेगवेगळे हात ६३,५०१ कोटींहून जास्त होऊ शकतात. इतक्या शक्यतांतून वाट काढायला या टेबलावरचा, मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी घडवलेला ‘जिब’ हा रोबो बोलीवरून अंदाज बांधतो, न दिसणारी पानं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाटून पाहतो आणि सरासरीने सरस ठरेल ते पान टाकतो. त्याला माझा चेहरा दिसत नाही, माझी घालमेल कळत नाही. माझी बोली एवढंच त्याच्या हाती असतं. त्यामुळे हातात आहे तेवढंच, नेमकं बोलायची शिस्त लागते.

नवख्यांना असंच सामावून घेणारं गाणंही तिरुवैयारुत आहे. पुष्य वद्य पंचमीला इथे रचनाकार त्यागराजांची आराधना होते. नाट रागापासून श्री रागापर्यंत पाच पंचरत्न कृती शेकडो गळे एकत्र गातात. त्यात नावाजलेले विद्वान असतात, तशी नुकती शिकायला लागलेली मुलंही. एखाद्या मुलीचा शब्द निसटला तरी गाणं थांबत नाही. पुढच्या ओळीला ती पुन्हा सामील होते. गाण्यातली ही जागा सगळ्यांना आपसूक मिळालेली नाही. एके काळी स्त्रियांना त्यागराजांच्या समाधीसमोर गाण्याची मुभा नव्हती. बेंगळूर नागरत्नम्मांनी १९२७ मध्ये स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला आणि पुढे सगळे एकत्र आले.

शिकणाऱ्याला सगळ्यात आधी बसायला जागा लागते. समज, सफाई, डौल हे सगळं त्या जागेवर बसूनच येतं. रोबोंनी मला ती दिली, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. तरी ब्रिज हा दोन माणसांनी एकमेकांवर विसंबण्याचा खेळ आहे. उद्या कुणी नवखा भिडू माझ्यासमोर बसला, तर त्याला विचार करायला हवा तेवढा वेळ मी देईन आणि त्याने मागितला तर प्रत्येक बोलीचा अर्थही सांगेन.